येडु वाजले

माझं काम गाड्या वेळेवर सोडण्याचं आहे. गडचांदूरच्या बसस्थानकावर जाळीच्या खिडकीमागे बसून मी माईकवर गाड्या पुकारते, कंडक्टरांच्या नोंदी घेते आणि जिवतीची गाडी कधी येणार हे इतक्यांदा सांगते, की झोपेत विचारलं तरी उत्तर बरोबर निघेल. लोक मला कंट्रोलर मॅडम म्हणतात. आवाज खणखणीत आहे. सिमेंटचे ट्रक, शेंगदाणेवाले, रडणारी पोरं, या सगळ्यांच्या वरून तो मागच्या गल्लीत पोचतो, आणि त्या गल्लीतच माझं घर आहे.

त्या घरातून दोन मुलं रोज शाळेला उशिरा निघत. हे लपवायची सोय नव्हती, कारण शाळेचा रस्ता स्थानकाच्या आवारातूनच जातो. तेव्हा माझी ड्युटी दुपारची होती. मी खिडकीत जाऊन बसले की कोणी ना कोणी ड्रायव्हर सकाळचा वृत्तांत घेऊन हजर. आज मॅडमची पोरगी एका पायात स्वतःचा आणि दुसऱ्या पायात भावाचा बूट घालून गेली. आज मॅडमचा पोरगा पानठेल्यापासून परत फिरला, कारण पाठीवर दप्तर नाही हे त्याला तिथे कळलं. एक कंडक्टर तर अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "मॅडम, तुमच्या घरची गाडी आज किती लेट हाय?"

मोठा सातवीत, धाकटी चौथीत. दोघंही धडधाकट, बोलकी, खाऊन-पिऊन सुखी. वस्तू मात्र त्यांच्यापाशी टिकत नाहीत. कंपास पेटी तांदळाच्या डब्यात सापडली, आणि ती तिथे कशी गेली हे कोणालाच सांगता आलं नाही. शाळेची टाय कुकरच्या दांडीला बांधलेली सापडली. ते का, हे मोठ्याला सांगता येत होतं, पण मी ऐकून घेतलं नाही. एकदा गणिताची वही डब्याच्या पिशवीतून माझ्या नवऱ्याबरोबर कंपनीत गेली आणि त्याची वांग्याची भाजी दप्तरातून शाळेत. नवरा सिमेंट कंपनीत पाळीवर असतो. त्या दिवशी त्याने पोळी लोणच्याबरोबर खाल्ली, सुट्टीत वही चाळली, आणि घरी आल्यावर म्हणाला की तिसरं उदाहरण चुकलं आहे.

हे असंच चाललं असतं तरी मी फार मनावर घेतलं नसतं. उशीर झाला की बाई रागावतात, मुलं वर्गाबाहेर उभी राहतात, आणि तरीही मोठी होतात. पण होळीच्या आधी धाकटीने एकदा जेवता जेवता ताट बाजूला सारलं आणि मग सगळी हकीकत बाहेर आली.

तिच्या वर्गाच्या बाईंचा एक नियम होता. शनिवारच्या परिपाठात माईकवर जाऊन बातम्या सांगायची पाळी प्रत्येक मुलाला हजेरीच्या क्रमाने येते. अट एवढीच, की त्या आठवड्यात रोज वेळेवर आणि रोज सगळं सामान घेऊन यायचं. एक दिवस जरी चुकला तरी शनिवारचा माईक पुढच्याला. धाकटीची पाळी दोनदा आली आणि दोनदा गेली, एकदा टायपायी, एकदा बुटापायी. आता वर्गात माईक न धरलेली ती एकटीच उरली होती. बाईंनी तिला परीक्षेआधीचा शेवटचा शनिवार दिला होता. पाचवीपासून परिपाठाला पाठांतर चांगलं असणारी मुलं निवडतात, आणि आमच्या पोरीचं पाठांतर असं, की चार ओळींची कविता आठवडाभर घोकली तरी तिसऱ्या ओळीपाशी गाडी पंक्चर. म्हणजे हा माईक गेला तर मग गेलाच.

"तुह्या हातात रोज माईक असते," ती मला म्हणाली. "मले एक दिवस बी नाई भेटत."

स्थानकाचा माईक तिच्या हाती मी कधी दिला नव्हता. तो कामाचा आहे. पण शाळेचा माईक तिचा हक्काचा होता, आणि तो एका बुटापायी जातो म्हणजे काय? मी ताट परत तिच्यापुढे सरकवलं आणि त्याच संध्याकाळी कामाला लागले.

आधी मी जे सगळे करतात तेच केलं. पालकांच्या मोबाईल ग्रुपवर एका आईने रंगीत तक्ता टाकला होता: दप्तर भरलं की एक चमचमता तारा, बूट जागेवर ठेवले की एक तारा. मी तक्ता आणला, ताऱ्यांचं पाकीट आणलं. तिसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवर कोरा होता आणि सगळे तारे पंख्याच्या पात्यांवर. फिरताना ते फार छान दिसत. पंखा लावला की धाकटी आडवी पडून बघत राही आणि शाळेला आणखी उशीर होई.

इथे सासऱ्यांविषयी सांगायला हवं. मामाजी दिवाळीनंतर सिरोंच्याहून कायमचे आमच्याकडे आले होते. जन्मभर त्यांनी गोदावरीत मासे धरले. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर नवऱ्याने त्यांचं जाळं चुलत्याच्या घरी टांगलं आणि त्यांना घेऊन आला. त्यांची घरची बोली तेलुगू, मराठी कामापुरती. मला, सुनेला, ते अम्मा म्हणत. मुलं त्यांना ताता म्हणत, म्हणजे आजोबा, आणि मुलांना तेवढा एकच तेलुगू शब्द येत होता. नवरा स्वतः तेलुगू बोलतो ते फक्त फोनवर आणि ठेच लागल्यावर. मामाजी अंधारात उठायचे, दाढी करायचे, दुपट्टा खांद्यावर टाकायचे आणि मग दिवसभर त्यांना काहीच काम नसायचं. घरातला तोच एक माणूस रोज तयार असायचा आणि त्यालाच कुठे जायचं नसायचं.

तक्ता उतरवल्यावर एके दुपारी मी खिडकीतून फलाटांकडे बघत होते. इतक्या गाड्या येतात-जातात, पण राजुऱ्याची गाडी कधी कोणाला तांदळाच्या डब्यात सापडली नाही. तिला जागा ठरलेली आहे. ती आली की त्या जागी लागते, माणसं तिथेच जाऊन बसतात आणि ती सुटते. त्यात कोणी कोणाला चमचमता तारा देत नाही.

सुट्टीच्या दिवशी मी दाराजवळच्या भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या. प्रत्येक फळीखाली तीन खुंट्या. फळ्यांवर पांढऱ्या रंगात आकडे काढले: फलाट एक मोठ्याचा, फलाट दोन धाकटीचा. नियम असा, की दप्तर, बाटली, गणवेश, टाय, बूट, जे काही दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार आहे ते दिवेलागणीच्या आत आपापल्या फलाटावर लागलं पाहिजे. सकाळी नुसतं घ्यायचं आणि सुटायचं. नवऱ्याने फळ्या बघितल्या आणि विचारलं की त्याला फलाट नाही का. मी त्याला सांगितलं की तो मालगाडी आहे, त्याने मागच्या दाराने यावं.

पहिल्या संध्याकाळी मुलं फळ्यांसमोर उभी राहून नुसती हसली. दुसऱ्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि कंटाळून, बूट जागेवर ठेव हे विसाव्यांदा म्हणण्याऐवजी, कामावरचा आवाज काढला. माईकवर बोलण्याआधी मी थोडंसं खोकते, सवयच आहे. तशी खोकले आणि म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. काळे बूट फलाट क्रमांक दोनवर लागत आहेत."

धाकटी बूट घेऊन धावत आली. मोठा आपलं दप्तर गाडीसारखं मागे घेत, तोंडाने मागे-मागे-बस करत फलाट एकवर आला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन, ड्रायव्हर गाडीची वेळ नोंदवायला येतात तसं म्हणाला, "मॅडम, वेळ टाका." मी पिठाच्या बोटाने त्याच्या कपाळावर वेळ टाकली.

त्यानंतर घरात बोलणं असं उरलंच नाही, नुसत्या घोषणा. धाकटीने स्टीलचा पेला तोंडाला लावून माझं काम हिसकावून घेतलं. आवाज हुबेहूब माझा, खोकल्यासकट. भाजी ताटात येण्याआधी पुकारली जायची. मोठा आंघोळीला गेला की गाडी धुलाईसाठी डेपोत गेल्याचं कळायचं. जी पोरगी कवितेच्या तिसऱ्या ओळीला अडायची, तिला कोरपना, जिवती, राजुरा, चंद्रपूर, आदिलाबाद सगळ्या गाड्या थांब्यांसकट पाठ होत्या. त्याला कोणी पाठांतर म्हणत नाही, ती गोष्ट वेगळी.

मामाजी हे सगळं दुसऱ्या खोलीतून ऐकत होते, आणि त्यांना ते कसं ऐकू जात होतं हे एका सकाळी कळलं. धाकटीने पेल्यातून पुकारलं की गाडी लागली आहे. मामाजी लगबगीने बाहेर आले. एका हातात चिरलेलं लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी.

"कोणाले गाडी लागली?" त्यांनी विचारलं.

सिरोंच्याहून आलापल्लीच्या जंगलातून येणाऱ्या गाडीत त्यांनी आयुष्यभर माणसांना गाडी लागताना पाहिलं होतं. त्यांच्या लेखी गाडी लागली म्हणजे माणूस खिडकीबाहेर वाकला. मोठ्याने ताबडतोब पोट धरलं आणि फलाट एकवर कोसळला. मामाजींनी त्याच्या नाकाला लिंबू लावलं. धाकटीला हसण्यामुळे उचकी लागली, आणि त्या दिवशी दोघांनाही उशीर झाला. पण बूट स्वतःचे होते. दुपारी ड्रायव्हरांनी तशी नोंदही घेतली.

मग उन्हाळा आला आणि आमची घडी विस्कटली. आमच्याकडे मार्च सरता सरता दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, म्हणून शाळा सकाळची होते. त्याच वेळी सकाळी खिडकीवर बसणारा माझा जोडीदार रजेवर गेला आणि मलाही सकाळची ड्युटी आली. मी अंधारात घर सोडणार, नवरा पहिल्या पाळीला जाणार, आणि मुलं सातला निघणार. त्यांना काढून देणारं घरात कोण? मामाजी. आणि हाच धाकटीचा तो शेवटचा आठवडा होता.

रविवारी संध्याकाळी मी मामाजींना घड्याळाखाली खुर्ची टाकून दिली. काम सोपं होतं. सामान फलाटावर लागलेलं असेल, डबे ओट्यावर भरलेले असतील, त्यांनी फक्त वेळ पुकारायची. ऑपरेशननंतर त्यांना घड्याळ लख्ख दिसत होतं आणि ते ऐटीत बसले.

सोमवारी मी खिडकीतून रस्त्याकडे डोळा ठेवून होते. सात होऊन गेले तरी मुलं नाहीत. मग आली: मोठा पुढे, धाकटीच्या दप्तराचा पट्टा धरून तिला ओढत, आणि धाकटी भोंगा पसरून रडत. ती हात सोडवून थेट माझ्या जाळीशी आली. मी नेमकी कोरपन्याची गाडी पुकारत होते.

"आई, ताता मले येडू म्हणते," ती म्हणाली.

माईक चालू होता. सगळ्या स्थानकाने ते ऐकलं. कोरपन्याच्या गाडीत चढणारी माणसं पायरीवर थांबली.

"झालं तुह्यं माईकवर बोलून," मोठा म्हणाला, आणि ती आणखी जोरात रडायला लागली.

मी माईक बंद केला, जाळीतून तिचं नाक पुसलं आणि दोघांना पिटाळलं. शाळेची घंटा चालूच होती. बाई स्वतःच नुकत्या स्कूटी लावत होत्या असं मोठ्याने नंतर सांगितलं, त्यामुळे सोमवार कसाबसा वाचला. पण मंगळवारचं काय? म्हातारा माणूस माझ्या पोरीला रोज सकाळी वेडी म्हणणार असेल तर ती रोज रडत बसणार, आणि शनिवार मंगळवारीच संपणार.

दुपारी घरी गेले ती चप्पल न काढताच मामाजींपुढे उभी राहिले. ते घड्याळाखालीच बसलेले. सासऱ्यांशी मी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, तेव्हाही चढवला नाही. फक्त विचारलं, "मामाजी, पोरीले येडू काऊन म्हटलं?"

"मी येडू नाई म्हटलं, अम्मा," ते म्हणाले. "मी येडु म्हटलं."

"तेच तं म्हणून राह्यली मी."

"ते नाई. हे."

त्यांनी माझ्यापुढे पंजा धरला आणि बोटं मोजायला सुरुवात केली. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु. एक पंजा संपला. दुसऱ्या पंजाचा अंगठा, आरु. त्याच्या शेजारचं बोट, येडु. ते बोट त्यांनी तसंच घड्याळाकडे नेलं आणि सातच्या आकड्यावर रोखलं.

मी चप्पल काढली आणि जमिनीवर बसले. सकाळी काय झालं ते आता मला दिसत होतं. त्यांनी सहाला आरु म्हणून सांगितलं, साडेसहाला आरुन्नर म्हणून सांगितलं, मुलांनी दुर्लक्ष केलं. सातला त्यांनी धाकटीकडे बघून, जबाबदारीने, मोठ्या आवाजात येडु म्हटलं. ती थांबली. त्यांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. ती रडायला लागली. मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवत तिची समजूत काढली, येडवकु, येडवकु. तेलुगूत त्याचा अर्थ रडू नको. पण आधीच येडू म्हटलेल्या पोरीला पुन्हा पुन्हा येडवकु म्हटल्यावर ती कशी गप्प बसेल? मामाजींनी आणखी एक सांगितलं, की येडु म्हणजे सात आणि येडु म्हणजे रड असंही होतं. म्हणजे त्यांच्या बोलीत सातला घड्याळच माणसाला रडायला सांगतं. हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून हसताना बघितलं. त्यांना पुढचे दोन दात नाहीत हे तोवर मला माहीत नव्हतं.

धाकटी दाराआडून ऐकत होती. बाहेर येऊन तिने विचारलं, "मंग आठाले काय म्हणते?"

"येनिमिदि."

तिने जरा विचार केला. "ते नको. येडुच बरं हाय."

मंगळवारपासून आमच्या गल्लीत रोज सकाळी एक म्हातारा माणूस दारात उभा राहून, घसा फोडून, येडु वाजले, येडु वाजले असं ओरडायला लागला, आणि दोन मुलं त्याला तितक्याच जोरात येडु, येडु असं उलटं ओरडत आनंदाने पळत सुटायला लागली. शेजारणीने मला आडून विचारलं की तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं की सगळं वेळेवर आहे. बुधवारी मुलं माझ्या खिडकीसमोरून गेली तेव्हा डाव्या-उजव्या बुटांसकट सगळं जागच्या जागी होतं. कंडक्टरने हाताचं घड्याळ काढून कानाला लावून बघितलं. गुरुवारी ती इतकी लवकर गेली की एका ड्रायव्हरने त्यांना बघून आपल्याला उशीर झाला असं समजून गाडी सुरू केली.

शुक्रवारी संध्याकाळी फलाट दोन लग्नघरासारखा सजला होता. शनिवारी पांढरा गणवेश असतो. इस्त्रीचा शर्ट, स्कर्ट, पांढरं पॉलिश मारलेले बूट, बाटली, दप्तर. धाकटीने तीन बातम्या कागदावर लिहून काढल्या होत्या आणि दिवसभर मामाजींना ऐकवल्या होत्या. मी स्वतः खुंटी न् खुंटी तपासली आणि निश्चिंत झोपले.

आमच्या घरात सेल एकच असतो आणि तो फिरतीवर असतो. घड्याळातून टीव्हीच्या रिमोटमध्ये, रिमोटमधून टॉर्चमध्ये. शुक्रवारी क्रिकेटची मॅच होती. मोठ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून रिमोटमध्ये घातला, आणि परत घालायला विसरला, हे अर्थात मला शनिवारी सगळं होऊन गेल्यावर कळलं. त्या सकाळी मला एवढंच माहीत होतं, की सात वाजून गेले आहेत, रस्ता मोकळा आहे, आणि माझी मुलं दिसत नाहीत.

घरी त्या वेळी काय चाललं होतं? मामाजी घड्याळाखाली बसले होते. घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते आणि काटा हलत नव्हता. त्यांना ते चमत्कारिक वाटलं, पण यंत्राशी वाद घालायचा त्यांचा स्वभाव नाही. ते येडु व्हायची वाट बघत राहिले. मुलं फलाटांसमोर तयार उभी, आणि सिग्नल नाही म्हणून उभीच.

इकडे सातची चंद्रपूर जरा उशिरा येऊन फलाट एकवर लागली. मला ती पुकारायची होती आणि माझं लक्ष रस्त्यावर होतं. मी खोकले आणि पुकारलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. चंद्रपूरला जाणारी सात वाजताची गाडी फलाट क्रमांक एकवर लागली आहे.

आम्ही गल्लीतली माणसं स्थानकाचा तो भोंगा आता ऐकत नाही, इतकी सवय झाली आहे. मामाजी नवीन होते, ते सगळं ऐकत. ते खुर्चीतून उठले, घड्याळाकडे बोट दाखवून तेलुगूत काहीतरी बोलले, जे नवरा मला अजून समजावून सांगत नाही, आणि ओरडले, "येडु!"

मी गाडीची नोंद घेत होते तेव्हा मुलं आवारातून सुसाट गेली. आधी धाकटी, पांढरीशुभ्र, दोन्ही बूट स्वतःचे, बाटली छातीशी. मागून मोठा, हातात कंगवा. घंटा झाली तेव्हा दोघं फाटकाच्या आत होती. मी खुर्चीला पाठ टेकली. कंडक्टरने जाळीतून हात आत घालून माझं अभिनंदन केलं.

आणि मग मामाजी आले. अनवाणी, दुपट्टा गळ्यात, धापा टाकत. ते माझ्या खिडकीशी थांबले, शर्टाच्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला कागद बाहेर काढला.

"अम्मा," ते म्हणाले, "हे माझ्यापाशी राह्यलं."

धाकटीच्या बातम्या. हरवू नये म्हणून त्यांनी त्या आदल्या दिवसापासून खिशात जपून ठेवल्या होत्या. फलाटावर त्या लागल्याच नव्हत्या.

शाळेचं फाटक परिपाठ सुरू झाला की बंद होतं. मला खिडकी सोडता येत नव्हती. शाळेचा भोंगा लिंबाच्या झाडाला बांधलेला आहे आणि त्याचं तोंड स्थानकाकडे आहे, त्यामुळे आम्हाला दोघांना तिथे उभं राहून ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. राष्ट्रगीत झालं. मामाजी कागद हातात धरून ताठ उभे राहिले. प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली, कोणा मुलाने सुविचार सांगितला. मग बाईंचा आवाज आला, आता बातम्या सांगेल आपली अमुक अमुक. आणि मग काहीच नाही. भोंग्यातून नुसती खरखर. तिला पाठ काही येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मामाजी माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते.

मग भोंग्यातून कोणीतरी खोकलं. माझा खोकला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सकाळचे येडु वाजून गेले आहेत. चंद्रपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे. प्रवाशांनी आपलं दप्तर, बाटली, डबा, टाय आणि दोन्ही बूट तपासूनच गाडीत बसावे. कोणाच्या पायात दादाचा बूट असल्यास तो फलाट क्रमांक एकवर जमा करावा. ज्यांना गाडी लागली असेल त्यांनी तातांकडून लिंबू घ्यावे. धन्यवाद."

शाळेतून जो हशा उठला तो भोंग्याची गरज नसताना इथवर आला. बाईंचा आवाज ऐकू आला, या होत्या आजच्या, आणि पुढचं त्यांच्याच हसण्यात गेलं.

माझ्याकडे मात्र हसायला सवड नव्हती. साडेसातच्या चंद्रपूरसाठी थांबलेले सगळे प्रवासी गाठोडी उचलून फलाट दोनकडे निघाले होते. तिथे कबुतरांशिवाय काही नव्हतं. एक म्हातारी बाई पिशवी सांभाळत खिडकीशी आली आणि म्हणाली, "मॅडम, येडु वाजले म्हणजे किती वाजले?"

"सात," मामाजींनी जाळीबाहेरून सांगितलं. आणि मग खात्रीसाठी बोटांवर मोजून दाखवायला लागले.

मी माईक ओढला, खोकले, आणि फलाट क्रमांक दोनवर कोणतीही गाडी लागलेली नाही असं पुकारायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोरपन्याहून येणारी साडेसातची चंद्रपूर आवारात शिरली. ती रोज एकवर लागते. आज तिने एक सोडला, मोठं वळण घेतलं, आणि कबुतरं उडवत नेमकी दोनवर येऊन उभी राहिली. प्रवासी चढायलाही लागले.

ड्रायव्हर नोंद करायला खिडकीशी आला तेव्हा मी त्याला विचारलं की दोनवर कशी काय.

"तुम्हीच तं पुकारलं," तो म्हणाला. "मोडावरूनच ऐकलं मी. खोकलून पुकारलं तुम्ही."

मामाजींनी कागदाची घडी घालून खिशात परत ठेवली. मी ड्रायव्हरची वेळ टाकली, फलाटाच्या रकान्यात दोन लिहिलं, आणि गाडी दोनवरूनच सोडली.